पऱ्याची वही कशी ठेवावी

आमच्या ग्रामपंचायतीची लोक जैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातली झाडं नि जीव लिहून ठेवायची वही, छापून आली तेव्हा मी ती सासूबाईंना वाचून दाखवली. 2002 च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत एक जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि ही वही त्या समितीने करायची असते. मी त्या समितीवर आहे. आमची वही मात्र कुणीतरी बाहेरून भरून दिली होती. गोड्या पाण्यातल्या माशांच्या रकान्यात तीनच नावं होती : रोहू, कटला, मृगळ. सासूबाई तांदूळ निवडत होत्या. सुपातला हात थांबवून म्हणाल्या, "आनी मळ्या कुटं गेला? मुरी? शिंगटी?"

रोहू, कटला, मृगळ हे मूळचे गंगेच्या बाजूचे मासे. आपल्याकडे त्यांचं बीज आणून धरणात नि शेततळ्यात सोडतात. म्हणजे आमच्या गावच्या कागदावर आमच्या पऱ्यातला, गावच्या ओढ्यातला, एकही मासा नव्हता. उद्या पऱ्यातला मळ्या संपला तरी कागदाच्या हिशेबाने काहीच गेलं नसतं, कारण तो तिथे कधी लिहिलेलाच नव्हता.

त्या दिवशी मी दुसरी वही घातली. त्याला 9 वर्षं झाली. माझं शिक्षण बारावी, अंगणवाडीत 23 वर्षं काढली. हे सांगते ते एवढ्यासाठी, की ह्या कामाला पदवी लागत नाही. पऱ्या, वहाळ, ओढा, तळी, गावात जे पाणी असेल त्याची वही कुणालाही ठेवता येते. मी ती कशी ठेवते ते इथे लिहिते. काही चुका केल्या त्याही लिहिते, म्हणजे तुम्हाला त्या कराव्या लागणार नाहीत.

सामान आणि जागा

जाड पुठ्ठ्याची 200 पानी वही. शिसपेन्सिल, कारण पेनाचं लिहिलेलं भिजलं की पसरतं. एक पसरट पांढरं ताट. रुंद तोंडाची काचेची बरणी. चहाची मोठी गाळणी. 30 सेंटिमीटरची पट्टी. बॅटरी आणि मोबाइल. जाळं घेऊ नका. जाळं हातात आलं की बघणं राहतं आणि पकडणं सुरू होतं, हे मी पोरांच्या बाबतीत दरवेळी पाहिलंय.

जागा तीन ठरवा आणि वर्षानुवर्षं त्याच ठेवा. आमच्या पऱ्यावर पहिली जागा वर, जिथे तो देवराईच्या सावलीतून बाहेर पडतो. दुसरी धुण्याच्या कोंडीजवळ, म्हणजे डोहाजवळ. तिसरी साकवाखाली, म्हणजे छोट्या पुलाखाली, बंधाऱ्याच्या दोन्ही अंगांना. ह्यापुढे पऱ्या बावनदीला मिळतो. सावलीतलं पाणी, माणसांच्या वापरातलं पाणी आणि अडवलेलं पाणी अशी तीन तऱ्हेची पाणी त्यात आली. तुमच्याकडे तळी असेल तर तिचे तीन काठ घ्या.

कधी जायचं

वर्षातून चार वेळा. मी तारखा ठरवत नाही, पाण्याकडे बघून ठरवते.

पहिली फेरी मे अखेरीस, रोहिणी लागल्यावर. पऱ्या तुटून कोंडाकोंडांत उरलेला असतो आणि जे काही जिवंत आहे ते तिथे दाटीवाटीने असतं. पुढच्या पावसाचं सगळं बियाणं ह्या दोन-तीन कोंडांत आहे हे लक्षात ठेवून काठावर बसा. पाण्यात उतरू नका. उतरलात की गाळ ढवळतो आणि आधीच कमी असलेला प्राणवायू आणखी घटतो.

दुसरी फेरी मिरगात. पहिला मोठा पाऊस पडून पऱ्या कुणग्यांना, म्हणजे भाताच्या खाचरांना, लागला की मासे उलटे वर चढतात. आपण ह्यांना चढणीचे मासे म्हणतो, रायगडकडे वलगण म्हणतात. ते अंडी घालायला शेतातल्या उथळ, कोमट, गवताळ पाण्यात निघालेले असतात. पोटं गाबोळीने टम्म असतात. ह्या फेरीत सगळे मासे मोजायला जमत नाहीत, पण कोण कोण चढलं आणि कुठपर्यंत चढलं एवढं लिहायचंच. आमच्या पऱ्यावर चढण बहुतेक वेळा पहिल्या जोरदार पावसानंतर एक-दोन रात्रींत होते आणि संपते. ती चुकली की वर्ष चुकलं.

तिसरी दसरा-दिवाळीच्या मधे. पाणी निवळतं, तळाचा दगडन् दगड दिसतो, पावसाळ्यात जन्मलेली पिल्लं बोटभर झालेली असतात. नवशिक्याने सुरुवात ह्याच फेरीपासून करावी. चौथी शिमग्याच्या आसपास.

जपायच्या गोष्टी थोडक्यात. घाटावर पाऊस पडत असेल तर आपल्याकडे ऊन असलं तरी पऱ्यात उतरायचं नाही. लोंढा सांगून येत नाही. पायाला जखम असेल तर पावसाळ्यात शेतातल्या पाण्यात जायचं नाही, लेप्टोच्या तापाने कोकणात माणसं गेली आहेत. वाशिष्ठी आणि सावित्रीच्या काठचे लोक असाल तर मगरी आहेत हे तुम्हाला सांगायला नको. तिथे काठापासून लांब राहून बघा आणि मुलांना नेऊ नका.

कसं बघायचं

गेल्या गेल्या काही दिसत नाही. सावली पाण्यावर पडणार नाही अशा बेताने बसायचं आणि 15 मिनिटं हलायचं नाही. आधी वरच्या थरातले येतात : डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला बोटभर मासा पृष्ठभागालाच चिकटून फिरतो. मग मधल्या पाण्यातले चंदेरी झुबके. शेवटी तळाचे. मळ्या दगडाला तोंड लावून शेवाळ खरवडत असतो. तो हलला की दगडावर ओरखडे राहिलेले दिसतात. मुरी वाळूत शिरून बसते, फक्त डोळे वर. मरळ दिसली तर तिच्या खाली-वर बघा. नारिंगी-लाल पिल्लांचा गोळा एकत्र हलत असेल तर आईबाप जवळच राखण करत असतात. तिथून उठून यायचं.

मग दगड. हाताच्या पंजाएवढा, वाहत्या पाण्यातला एक दगड हळूच उचलायचा, खालची बाजू पांढऱ्या ताटात पाण्याने धुवायची. ताटात जे वळवळतं ते पाण्याची खरी तब्येत सांगतं. शेपटीला दोन-तीन लांब केस असलेली चपटी अळी म्हणजे मेफ्लाय किंवा स्टोनफ्लायची पिल्लं. वाळूचे कण नाहीतर पानांचे तुकडे चिकटवून नळीसारखं घर करणारी कॅडिसफ्लायची अळी. ही मंडळी भरपूर असतील तर पाणी थंड, वाहतं आणि प्राणवायूने भरलेलं आहे. ती नसून नुसत्या बारीक लाल अळ्या असतील तर तिथे घाण मुरते आहे. ह्या अळ्यांच्या अंगात आपल्या रक्तासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या प्राणवायू नसलेल्या गाळातही जगतात. आमच्या वरच्या जागेवर एका दगडाखाली मेफ्लायची 20-25 पिल्लं निघतात, धुण्याच्या कोंडीत 2-3. साबणाबद्दल मी कुणाला भाषण देत नाही. दोन ताटं शेजारी शेजारी ठेवते, बायका स्वतःच बघतात.

दगड जसा होता तसाच, तीच बाजू खाली करून ठेवायचा. उलटा ठेवला तर त्याच्या पोटाला चिकटलेली अंडी उन्हात मरतात.

एक फेरी रात्री करा. बॅटरीच्या उजेडात झिंग्यांचे डोळे निखाऱ्यासारखे चमकतात, ते मोजता येतात. काठच्या कातळावर उदाची, म्हणजे पाणमांजराची विष्ठा असते का तेही सकाळी बघायचं. उद रोज ठरलेल्या कातळावर जातो. विष्ठेत माशांचे खवले आणि खेकड्याच्या कवचाचे तुकडे स्पष्ट दिसतात, वास माशाचाच. आमच्याकडे 2019 पर्यंत साकवाखालच्या कातळावर ती दिसायची. नंतर नाही. ती जागा मी अजून प्रत्येक फेरीत बघते आणि 'नाही' असं लिहिते. नाही हेही लिहायचं असतं. रिकामी ओळ आणि 'नाही' लिहिलेली ओळ ह्यांत फार फरक आहे.

नावं

वहीत पहिलं नाव गावचं. शास्त्रीय नाव नंतर, मिळालं तर. ह्यात लाजण्यासारखं काही नाही. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची वर्णनं 1839 साली प्रसिद्ध केली तेव्हा त्याने इथल्या लोकांच्या तोंडची नावंच उचलली. आपला मळ्या जगभरच्या शास्त्रज्ञांना 'गारा मुल्या' म्हणून माहीत आहे, कोळस 'कोलस' म्हणून, खडस 'खुद्री' म्हणून. ही नावं सांगणारे लोक कोण होते ते कुठे लिहिलेलं नाही. म्हणून आमच्या वहीत नावापुढे ते सांगणाऱ्याचं घर लिहिलेलं असतं.

नावं विचारायला म्हाताऱ्या बायकांकडे जा. पुरुष गरी टाकून मोठा मासा आणतात, त्यांना मोठ्या माशांची नावं येतात. बोटभर मासे रोवळीने, लुगड्याच्या पदराने धरायच्या त्या बायका, आणि निवडायच्याही त्याच. सासूबाईंनी मला एका बैठकीत 17 नावं सांगितली. त्यांतली 4 मला आजही कुठल्या माशाला लावायची ते उमगलेलं नाही. ती चारही वहीच्या पहिल्या पानावर आहेत.

ओळख पटवायला बरणीतल्या पाण्यात मासा घेऊन बाजूने फोटो काढायचा, पट्टी बरणीला टेकवून. दोन मिनिटांत परत सोडायचा. हात ओला केल्याशिवाय माशाला लावायचा नाही. कोरड्या हाताला त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून येतो आणि मग त्याला रोग धरतो. फोटो आयनॅचरलिस्ट ॲपवर टाकला की जाणकार नाव सुचवतात. तिथे एक खबरदारी : कासव, खडस असलं काही असेल तर जागा लपवायची सोय ॲपमध्ये आहे, ती वापरा. नाहीतर आपलीच नोंद वाचून कुणीतरी पोतं घेऊन येईल.

आपल्या पाण्यात काही नवीन सापडणार नाही असं समजू नका. आंबोलीला हिरण्यकेशीच्या उगमाजवळ महादेवाच्या देवळापाशी लोक पिढ्यान्‌पिढ्या जात होते. तिथल्या कुंडातला बोटभर मासा शास्त्राला 2020 साली माहीत झाला, 'शिस्टुरा हिरण्यकेशी' असं त्याचं नाव ठेवलं, आणि 2021 मध्ये सरकारने तिथली 2.11 हेक्टर जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. मासा आपल्या मुरीच्याच गोतावळ्यातला. त्याच 2020 साली कोकणातल्या एका चतुरालाही 'कोकणेन्सिस' असं नाव मिळालं.

घरचा कोण, बाहेरचा कोण

बाहेरचा मासा ओळखायचा तर आधी घरचा ओळखता आला पाहिजे. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही, माझ्या हातून जीव गेल्यावर शिकले.

माझं माहेर खाडीकाठचं. वही घातल्याच्या पहिल्या वर्षी मी तिथे गेले होते. तिलापियाबद्दल तेव्हा नुकतंच ऐकलं होतं. चिलापीही म्हणतात त्याला. आफ्रिकेतला मासा, 1952 साली भारतात आणला. मादी अंडी-पिल्लं तोंडात सांभाळते, त्यामुळे त्याची पिल्लं जगतात आणि बाकीच्यांची मागे पडतात. भाच्यांच्या पाग्यात, म्हणजे फेकायच्या जाळ्यात, पसरट, उभे पट्टे असलेले मासे आले. मी म्हटलं, हाच तो, मारून टाका. 9 मासे आम्ही काठावर तडफडवून मारले. संध्याकाळी काकांनी ते बघितले आणि बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "पोरी, ही कालुंदरं आहेत."

कालुंदर आपल्या खाड्यांतला पिढीजात मासा. केरळात त्याला राज्य माशाचा मान आहे. तिलापिया आणि कालुंदर लांबचे भाऊबंद, म्हणून चेहरा सारखा. फरक असा बघायचा : पोटाखाली, शेपटीच्या अलीकडे जो पर असतो त्याचे टोकदार काटे मोजा. तिलापियाला 3 काटे असतात. कालुंदराला 12 नाहीतर 13. शिवाय कालुंदराच्या अंगावर मोत्यासारखे ठिपके आणि छातीच्या पराच्या मुळाशी काळा डाग असतो. हे काटे मोजल्याशिवाय मी आता तोंडाने 'तिलापिया' म्हणत नाही, आणि कुणाला म्हणू देत नाही.

मांगूर. ज्याला थाई मांगूर म्हणून विकतात तो खरा आफ्रिकेतला. भारतात त्याच्या पालनावर 2000 सालापासून बंदी आहे, तरी चोरून पाळतात आणि पुरात तळं फुटलं की तो नदीत येतो. देशी मांगूर हातभराच्या आतच राहतो. हा मीटरभर वाढतो, अंगावर संगमरवरासारखे काळे-करडे ढग असतात, आणि मासे, बेडूक, खेकडे, कुजकं काहीही खातो. शिंगटीशी त्याची गल्लत करू नका. शिंगटीच्या पाठीवरचा पर आखूड, पुढे काटा, आणि मागे मांसाचा एक छोटा पर वेगळा. मांगुराच्या पाठीवरचा पर डोक्यामागून थेट शेपटीपर्यंत.

सकर मासा घरातल्या काचेच्या टाकीतून येतो. टाकी साफ करायला आणतात, तो वाढला की 'जीव वाचवू या' म्हणून नदीत सोडतात. दक्षिण अमेरिकेतला हा मासा. अंगावर हाडांच्या खरबरीत पट्ट्या, जसं चिलखत. तो काठात बिळं करतो, माती ढासळते, आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात. तोंड खाली आणि चिकटणारं असल्याने पोरं मळ्याला सकर म्हणतात. मळ्याला खवले आहेत, चिलखत नाही, आणि तो वीतभरही होत नाही.

गप्पी सगळ्यांत अवघड, कारण तो चांगल्या हेतूने सोडतात. डासांच्या अळ्या खातो म्हणून आरोग्याच्या मोहिमेत वाटतात. बंद टाकीत, हौदात सोडा, माझी हरकत नाही. पऱ्यात, तळीत, सड्यावरच्या, म्हणजे कातळाच्या माळावरच्या, डबक्यात सोडू नका. तो अळ्यांबरोबर बेडकांची अंडी-पिल्लंही खातो, आणि डोक्यावर चांदीचा ठिपका असलेला आपला मासा तेच डासांचं काम फुकट करत असतो. दोन वर्षांपूर्वी आमच्या वाडीत गप्पीचे डबे आले तेव्हा मी आरोग्यसेविकेला पऱ्यावर नेलं आणि गाळणीत डासांच्या अळ्या घेऊन त्या माशापुढे सोडल्या. एकही उरली नाही. तिने डबे वाडीतल्या टाक्यांतच रिकामे केले.

कासवांत, डोळ्यामागे लाल पट्टा दिसला की ते अमेरिकेतलं पाळीव कासव. आपलं मऊ पाठीचं कासव सपाट, गुळगुळीत असतं, वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याला उचलून घरी आणणं गुन्हा आहे.

आणि जलपर्णी. जांभळी फुलं बघून घरच्या हौदात लावतात, मग जास्त झाली की तळीत टाकतात. काढायची तर फुलायच्या आधी, मुळासकट, एप्रिल-मेमध्ये. पाण्यापासून लांब, उंच कातळावर वाळवायची. उचलताना मुळं झटकून बघा, त्यांत झिंगे, बेडकाची पिल्लं, कधी कासव अडकलेलं असतं. एकदा काढून भागत नाही, बिया गाळात वर्षानुवर्षं तग धरतात. आम्ही देवळाची तळी लागोपाठ 4 उन्हाळे साफ केली तेव्हा पाचव्या वर्षी निव्वळ 6 रोपं निघाली.

बाहेरचा मासा खरोखर मिळाला तर : फोटो, पट्टी, जागा, तारीख. परत पाण्यात सोडायचा नाही. दुसऱ्या पाण्यात तर अजिबात नाही. एका घावात मारायचा, तडफडत ठेवायचा नाही. मत्स्यव्यवसाय खात्याला लेखी कळवायचं आणि पोच घ्यायची. तो संपवायला म्हणून पाण्यात औषध टाकायची कल्पना कुणाच्या मनात आली तर तिथेच थांबवा. त्यात घरचे आधी मरतील.

वही काय दाखवते

तीन वर्षं झाली की वही बोलायला लागते.

आमच्या वहीत फेब्रुवारी-मार्चची फेरी 2018 पासून वाईट दिसते. मधल्या जागेवरचे झिंगे निम्म्याहून कमी. मी आधी उन्हावर ढकललं. मग तारखा लावून बघितल्या. हापूसच्या मोहोरावर फवारणीचे दिवस तेच. पंप, ड्रम, औषधाच्या रिकाम्या बाटल्या पऱ्यावर धुतात आणि त्या दिवसांत पऱ्यात पाणी असतं घोटाभर. कीटकनाशक किड्यावर काम करतं. झिंगा नि खेकडा त्या किड्यांचेच नातेवाईक. आमचीही 40 कलमं आहेत. आता पंप कलमाखालीच धुतो, ते पाणी आळ्यात जिरतं. वाडीतल्या 11 घरांपैकी 8 जणांनी हे मान्य केलं आहे.

ब्लीचिंग पावडर टाकून किंवा विजेचा धक्का देऊन मासे मारणारे सगळीकडे आहेत. पाण्यात विष किंवा स्फोटकं टाकून मासे मारणं 1897 च्या मत्स्य कायद्यापासून गुन्हा आहे. पूर्वी गेळाची फळं ठेचून टाकायचे हेही खरं, पण ते एका कोंडीपुरतं असायचं. ब्लीचिंग खाली मैलभर जातं आणि मुरीपासून मेफ्लायपर्यंत सगळं झोपवतं. मेलेला मासा बघितलात तर त्या दिवशीच फोटो काढून ग्रामपंचायतीला आणि पोलिसपाटलांना द्या. दुसऱ्या दिवशी कावळे पुरावा ठेवत नाहीत.

गाळाबद्दल माझं मत गावात सगळ्यांना पटत नाही. 22 जुलै 2021 च्या पुरात चिपळूणने काय सोसलं ते आम्ही जवळून पाहिलं. माझी चुलत नणंद दोन रात्री माळ्यावर होती. शहराजवळ गाळ काढायलाच हवा होता. पण त्या लाटेत आमच्या पऱ्यातही यंत्र घातलं, जिथे पुराने कुणाचं घर भिजलं नव्हतं. कोंडी भरून सपाट झाल्या, मोठे धोंडे फोडून काठाला लावले. पुढचे दोन उन्हाळे मधल्या जागेवर पाणीच उरलं नाही, मग मुरी कुठून असणार. यंत्र येणार असं कळलं तर ग्रामसभेत वही घेऊन जा आणि ह्या तीन गोष्टी मागा : कोंडी बुजवायच्या नाहीत, मोठे धोंडे हलवायचे नाहीत, काठावरची करंजं-जांभळं तोडायची नाहीत. हे ठरावात लिहून घ्या. आम्ही उशीर केला.

चढण राखणं

समुद्रात 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, कोळी नारळी पौर्णिमेला नारळ देऊन होड्या लोटतात. पऱ्यावर मात्र त्याच दिवसांत सगळे तुटून पडतात. आमच्या घरातही चढणीचे मासे दरवर्षी शिजले आहेत. गाबोळीचं कालवण मला आवडतं, हे मी लपवत नाही. पण वहीच्या पाचव्या वर्षी चढण मोजली आणि शिंगटीची ओळ 'सात' वर आली तेव्हा मी ग्रामसभेत उभी राहिले. मागणी छोटी ठेवली होती. सगळा पऱ्या नको, फक्त साकवाच्या वरचा देवराईपर्यंतचा भाग, आणि मिरगापासून नारळी पौर्णिमेपर्यंतच.

ह्यात नवीन काही नाही. रायगडच्या पायथ्याशी काळ नदीत वाळण कोंडीतले खडस देवीचे म्हणून कुणी मारत नाही. वाड्याजवळ वैतरणेवर तिळसे इथेही देवाचेच मासे. जुन्या लोकांनी जिथे मासा अंडी घालतो, दम धरतो, तीच कोंड देवाला दिली. आमच्या देवराईतल्या कोंडीत गुरवांच्या सांगण्याने आजही गरी टाकत नाहीत. मी तेवढीच रेघ साकवापर्यंत खाली ओढा म्हटलं. आमच्या वाडीने मान्य केलं, वरच्या वाडीने नाही केलं. अजून केलेलं नाही. शिंगटीची ओळ गेल्या वर्षी 31 होती.

राहिला बंधारा. साकवाखालचा सिमेंटचा, कमरेइतका. झिंग्यांच्या काही जातींची पिल्लं खाडीच्या मचूळ पाण्यातच वाढतात आणि मग प्रवाहाविरुद्ध वर येतात. अहिर हा सापासारखा लांब मासा तर जन्मतोच समुद्रात आणि वाढायला पऱ्यात येतो. बंधाऱ्याची गुळगुळीत भिंत दोघांनाही अडवते. तुमच्याकडे असा बंधारा असेल तर त्याच्या दोन्ही अंगांना रात्री झिंगे मोजा. आमच्या वहीत खालच्या अंगाला 60-70 आणि वरच्या अंगाला 4 असे आकडे होते.

परदेशात अहिरांसाठी बंधाऱ्यांवर ओला, खरबरीत चढ करून देतात. आम्ही काथ्याचा जाड दोर घेतला, मनगटाएवढा, 5 मीटर. वरचं टोक बंधाऱ्यावरच्या खुंटीला बांधलं, दोर भिंतीवरून सोडून खालच्या पाण्यात बुडवला आणि टोकाला धोंडा बांधला. दोर अशा जागी हवा जिथून पाण्याची पातळ धार त्याच्यावरून सतत झिरपत राहील. मधल्या जोरात टाकला तर लोंढा घेऊन जातो. पहिल्या वर्षी तसाच गेला. नायलॉनचा चालत नाही, त्यावर पकड मिळत नाही. काथ्या एका पावसात कुजतो, दर मे महिन्यात नवीन बांधावा लागतो, गावातच वळून मिळतो.

यंदा 27 जूनला रात्री पाऊस उघडल्यावर मी आणि धाकटी नात बॅटरी घेऊन साकवावर गेलो. दोरावर बोटाच्या पेराएवढे, काचेसारखे झिंगे एकामागे एक चढत होते. नात मोजत होती. 112 ला तिला झोप आली. मी तेवढाच आकडा लिहिला.